उपकरणवृक्ष

संगणकफलकावर कोणती उपकरणे बसविलेली आहेत, ती कोणत्या पत्त्यांवर आहेत, त्यांना वीजपुरवठा व कालस्पंद कोठून मिळतात आणि ती परस्परांशी कशी जोडलेली आहेत, यांचे परिचालन प्रणालीला वाचता येईल असे वृक्षरूप वर्णन. संगणकशास्त्रात ते ‘डिव्हाइस ट्री’ या नावाने ओळखले जाते. हे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. संकलक नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने त्याचे द्विमान रूप तयार करतात आणि संगणक सुरू होताना ते रूप परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, सोपविले जाते. मोबाइल दूरध्वनी, राउटर, दूरचित्रवाणी संच, मोटारगाड्या, कारखान्यांतील नियंत्रक यांसारख्या यंत्रांत दडलेल्या, म्हणजेच अंतःस्थापित, संगणकांच्या दृष्टीने या वर्णनाला विशेष महत्त्व आहे. यंत्र काय आहे हे सांगणे आणि त्या यंत्राकडून काय करवून घ्यावयाचे हे सांगणे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात हे उपकरणवृक्षामागील तत्त्व होय. ते प्रथम प्रस्थापित झाले, नंतर अनेक वर्षे दुर्लक्षिले गेले आणि त्याचे दुष्परिणाम दिसू लागल्यावर पुन्हा स्वीकारले गेले. वर्णन स्वच्छ ठेवण्याचे जे नियम आज पाळले जातात, त्यांचे मूळ या इतिहासात सापडते.

गरज : मेजावरील संगणकात नवे कार्ड बसविले असता परिचालन प्रणाली ते बहुधा आपोआप ओळखते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीसीआय या जोडमार्गावरील प्रत्येक कार्ड आपल्या निर्मात्याचा व प्रकाराचा क्रमांक स्वतःच जवळ बाळगते आणि विचारताच तो सांगते. जी उपकरणे अशा रीतीने स्वतःची ओळख देऊ शकत नाहीत, त्यांची माहिती संगणकातील मूलभूत आज्ञावली तक्त्यांच्या रूपाने पुरविते. यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक तयार केले.

अंतःस्थापित संगणकांची स्थिती निराळी असते. त्यांत प्रक्रियक, स्मृतीचे नियंत्रक, संदेशवहनाची द्वारे, काळमापक इ. अनेक घटक एकाच चिपवर कोरलेले असतात. प्रत्येक घटकासाठी पत्त्यांचा एक पट्टा ठरलेला असतो. परंतु त्या पट्ट्यात कोण आहे हे विचारण्याची सोय सहसा नसते. भलत्याच पत्त्यावर वाचन केल्यास काही चिपांत संपूर्ण यंत्र गोठून जाते. चिपच्या बाहेर दोन तारांच्या मार्गावर जोडलेला तापमानमापक आपले नाव सांगेलच असे नाही. एखादा दिवा चिपच्या कोणत्या टोकाला जोडला आहे हे तर फलकाची आखणी करणाऱ्यालाच ठाऊक असते. विद्युत् दाब नियंत्रित करणाऱ्या घटकाकडून किती दाब मागावा ही माहितीही बाहेरूनच पुरवावी लागते आणि ती चुकल्यास चिप जळू शकते. थोडक्यात, फलकाविषयीची माहिती कोणी तरी, कोठे तरी लिहून ठेवणे अपरिहार्य असते. ती कोणी लिहावी आणि कोठे ठेवावी, हा या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

उगम : या प्रश्नाचे पहिले सुसंगत उत्तर अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत शोधले गेले. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या कंपनीच्या संगणकांत मोटोरोला ६८००० कुलातील, इंटेलचे व स्वतःच्या स्पार्क रचनेचे असे भिन्नभिन्न प्रक्रियक वापरले जात. एका प्रक्रियकासाठी लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्यावर चालत नसल्याने जोडकार्डातील आरंभाच्या आज्ञा प्रत्येकासाठी निराळ्या लिहाव्या लागण्याची अडचण होती. मिच ब्रॅडली यांनी यावर ओपनबूट ही मूलभूत आज्ञावली तयार केली. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या स्पार्कस्टेशन १ या संगणकात ती होती. चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास घडविलेल्या फोर्थ या आटोपशीर भाषेवर ती आधारलेली होती. जोडकार्डावरील स्मृतीत फोर्थच्या संक्षिप्त सांकेतिक रूपात एक छोटी आज्ञावली साठविलेली असे. कोणताही प्रक्रियक असला, तरी मूळ आज्ञावली ती वाचून चालवीत असे आणि ते कार्ड स्वतःचे वर्णन एका सामाईक वृक्षात नोंदवीत असे. परिचालन प्रणाली सुरू होताच तिला हा वृक्ष तयार मिळे. कार्डाची माहिती कार्डाजवळच राहावी आणि ती प्रक्रियकावर वा परिचालन प्रणालीवर अवलंबून नसावी, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते.

ही योजना १९९४ मध्ये आयईईई १२७५ या क्रमांकाचे मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ॲपल कंपनीने १९९५ पासूनच्या पीसीआययुक्त पॉवर मॅकिंटॉश संगणकांत, तर आयबीएमने आपल्या पॉवर प्रक्रियकाच्या संगणकांत तिचा स्वीकार केला. मानकाचे ठराविक मुदतीने करावयाचे नूतनीकरण न झाल्यामुळे ते पुढे मागे घेण्यात आले. तथापि वृक्षाची मांडणी, पेरांना नावे देण्याची पद्धती व अनेक गुणधर्मांची नावे त्यानंतरही टिकून राहिली.

सपाट वृक्ष : लिनक्स ही परिचालन प्रणाली पॉवरपीसी प्रक्रियकाच्या संगणकांवर चालू लागली, तेव्हा मोठ्या यंत्रांत ओपन फर्मवेअरकडून तिला वृक्ष आयता मिळत असे. याच प्रक्रियकाच्या छोट्या अंतःस्थापित फलकांत मात्र ओपन फर्मवेअर नव्हते. त्यांची माहिती कर्नेलच्या आतच लिहिली जात असे. एकाच प्रक्रियकासाठी अशा दोन परंपरा चालू होत्या. याखेरीज आणखी एक अडचण होती. चालू कर्नेलमधूनच दुसरे कर्नेल सुरू करण्याची सोय लिनक्समध्ये करण्यात आली होती. पण पहिल्या कर्नेलने यंत्राचा ताबा घेतल्यावर ओपन फर्मवेअरचे काम संपलेले असे आणि दुसऱ्या कर्नेलला वृक्ष मागण्यासाठी कोणी उरत नसे.

बेंजामिन हेरेनश्मिट यांनी २००५ मध्ये या दोन्ही अडचणींवर एकच उपाय सुचविला. वृक्ष निर्माण करणारी जिवंत आज्ञावली बाजूला ठेवून, वृक्षातील सर्व माहिती एका सलग द्विमान पुडक्यात ‘सपाट’ करावयाची आणि त्या पुडक्याचा पत्ता कर्नेलला द्यावयाचा, असे या उपायाचे स्वरूप होते. त्यामुळे फोर्थची गरज उरली नाही. यंत्र सुरू करणाऱ्या कोणत्याही छोट्या आरंभक आज्ञावलीला हे काम करता येऊ लागले. डेव्हिड गिब्सन यांनी मजकुरातून असे पुडके तयार करणारा संकलक लिहिला. पॉवरपीसीच्या ३२ व ६४ अंशी शाखांचे एकत्रीकरण त्याच सुमारास चालू होते. नव्या एकत्रित शाखेत प्रत्येक फलकाला वृक्ष असलाच पाहिजे, असा नियम करण्यात आला. जुनी शाखा २००८ मध्ये काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी पॉवर डॉट ऑर्ग या संघटनेने ईपीएपीआर या नावाने या वर्णनपद्धतीचे मानक प्रसिद्ध केले. २००९ मध्ये मायक्रोब्लेझ या प्रक्रियकासाठीही हीच पद्धती अवलंबण्यात आली. सपाट पुडक्यातील संख्या मोठ्या वजनाचा भाग आधी या क्रमाने साठविल्या जातात. पॉवरपीसीच्या या क्रमाचा वारसा आज उलट क्रम वापरणारे प्रक्रियकही चालवीत आहेत.

आर्मची अडचण : मोबाइल दूरध्वनींच्या प्रसाराबरोबर आर्म रचनेच्या प्रक्रियकांचा वापर झपाट्याने वाढला. आर्म कंपनी प्रक्रियकाची रचना विकते. चिप इतर अनेक कंपन्या बनवितात. त्यामुळे प्रक्रियक समान असूनही भोवतीचे घटक प्रत्येक चिपमध्ये निराळे असत. लिनक्सच्या आर्म शाखेत प्रत्येक फलकासाठी सी भाषेतील एक स्वतंत्र फाइल लिहिण्याची प्रथा होती. फलकाला एक नोंदणी क्रमांक दिला जाई. या शाखेचे प्रमुख रसेल किंग यांच्याकडे त्याची नोंदवही असे. आरंभक आज्ञावली हा क्रमांक कर्नेलच्या हाती देई व कर्नेल त्याला अनुसरून आपल्यातील योग्य फाइल निवडीत असे. अशा प्रकारे यंत्राची सर्व माहिती यंत्राजवळ न राहता परिचालन प्रणालीच्या पोटात राहिली.

फलक थोडे होते तोवर ही पद्धती सोयीची होती. पुढे नोंदणी क्रमांक हजारोंच्या घरात गेले. एका फलकाची फाइल दुसऱ्यासाठी जवळजवळ जशीच्या तशी उतरवून घेतली जाई. मूळ फाइलीतील दोष मग सर्व प्रतींत पसरे आणि दुरुस्ती मात्र एखाद्याच प्रतीत होई. एका कंपनीच्या चिपसाठी तयार केलेले कर्नेल दुसऱ्या कंपनीच्या चिपवर चालत नसे. यंत्राचे वर्णन व यंत्र चालविण्याच्या आज्ञा एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की, यांतील वस्तुस्थिती कोणती आणि लिहिणाऱ्याची सोय कोणती हे ओळखणे अवघड होते. अनेक उत्पादक आपले बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवीतच नसत. त्यांच्या यंत्रांना मग विक्रीच्या वेळचे कर्नेलच कायमचे चिकटून राही. पुढे उघड झालेले सुरक्षाविषयक दोष दूर करणाऱ्या दुरुस्त्या अशा यंत्रांपर्यंत पोहोचत नसत आणि सुस्थितीतील यंत्र केवळ कालबाह्य आज्ञावलीमुळे निकामी ठरे.

मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आर्म शाखेतील या पसाऱ्याबद्दल तीव्र शब्दांत जाहीर नापसंती व्यक्त केली. त्यानंतर सुधारणांना वेग आला. आर्म चिपांविषयीचे बदल एकत्र करून तपासण्याचे काम आर्न्ड बेर्गमान व ओलोफ योहान्सन यांच्यासारख्या अनुभवी कार्यकर्त्यांनी हाती घेतले. उपकरणवृक्ष आर्ममध्ये आणण्यासाठी ग्रँट लाइक्ली यांचे प्रयत्न त्याआधीपासून चालू होते; त्यांना आता सार्वत्रिक पाठिंबा मिळाला. नव्या फलकांची माहिती सी भाषेतील फाइलींऐवजी वृक्षाच्या रूपानेच द्यावी, असे धोरण ठरले. डिसेंबर २०१२ मधील लिनक्सच्या ३.७ या आवृत्तीत निरनिराळ्या कंपन्यांच्या काही आर्म चिपांवर एकच कर्नेल चालविणे शक्य झाले. याच आवृत्तीत ६४ अंशी आर्मची शाखा समाविष्ट झाली. तिच्यात फलकांच्या सी फाइलींना आरंभापासूनच स्थान देण्यात आले नाही. जुन्या फाइली हळूहळू मागे पडल्या. २०२३ मधील ६.३ या आवृत्तीत त्यांपैकी वापरात नसलेल्या फाइली मोठ्या संख्येने वगळण्यात आल्या.

रचना : वृक्षाच्या मुळाशी संपूर्ण फलक असतो. त्यापासून निघणाऱ्या प्रत्येक जोडाला पेर म्हणता येईल. पेर म्हणजे एक उपकरण किंवा उपकरणांना जोडणारा मार्ग होय. पेराचे नाव व त्याचा पत्ता यांमध्ये ‘@’ हे चिन्ह लिहितात. पेरात गुणधर्म लिहिलेले असतात. ‘कंपॅटिबल’ या गुणधर्मात निर्मात्याचे व उपकरणाचे नाव असते आणि त्यावरून कर्नेल योग्य चालक आज्ञावली निवडते. ‘रेग’ या गुणधर्मात पत्ता व पट्ट्याची लांबी, तर ‘इंटरप्ट्स’मध्ये उपकरण प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी कोणती संकेतरेषा वापरते हे सांगितलेले असते. ‘स्टेटस’ या गुणधर्मावरून उपकरण या फलकावर वापरात आहे की नाही हे कळते. एका पेरातून दूरच्या दुसऱ्या पेराचा निर्देश करण्याचीही सोय असते, उदा., संदेशवहनाचे द्वार आपला कालस्पंद कोणत्या घटकाकडून घेते, हे अशा निर्देशाने दाखवितात.

रास्पबेरी पाय या लोकप्रिय फलकाचे उदाहरण या रचनेचे मर्म दाखविते. २०१२ मधील पहिल्या फलकावर ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम २८३५ ही चिप होती, तर २०१५ मधील दुसऱ्या फलकावर बीसीएम २८३६ ही होती. दोन्ही चिपांच्या अंतर्गत मार्गावर उपकरणांचे पत्ते षोडशमान पद्धतीने ७ई०००००० पासून सुरू होतात. मुख्य प्रक्रियकाला मात्र तीच उपकरणे पहिल्या चिपमध्ये २००००००० पासून, तर दुसरीत ३एफ०००००० पासून दिसतात. प्रक्रियकाला दिसणारे पत्ते प्रत्येक पेरात लिहिले असते, तर दुसऱ्या चिपसाठी सर्वच पेरे पुन्हा लिहावी लागली असती. लिनक्समधील वर्णनात पेरांना अंतर्गत मार्गावरील पत्ते दिलेले आहेत; उदा., एक अनुक्रमी संदेशद्वार दोन्ही चिपांसाठी ७ई२०१००० याच पत्त्यावर नोंदविले आहे. दोहोंतील फरक ‘रेंजेस’ या पत्ते रूपांतरित करणाऱ्या एका गुणधर्मात सामावला आहे आणि उपकरणांची पेरे दोन्ही चिपांना सामाईक असलेल्या फाइलीत एकदाच लिहिलेली आहेत. वर्णन यंत्राच्या खऱ्या जडणघडणीशी प्रामाणिक राहिले की, पुनरुक्ती आपोआप टळते, हे यावरून दिसते.

स्वच्छ वर्णनाची तत्त्वे : अनुभवातून या लेखनाचे काही संकेत रूढ झाले. चिप, तिच्यावर आधारलेला घटक-संच व अखेरचा फलक यांची वर्णने वेगवेगळ्या थरांत लिहावीत, हा पहिला संकेत होय. चिपच्या फाइलीत तिच्यातील सर्व घटक नोंदवितात. पण ज्यांचा उपयोग बाहेरील जोडणीवर अवलंबून असतो, ते ‘डिसेबल्ड’ म्हणजे बंद म्हणून दाखवितात. फलकाची फाइल चिपच्या फाइलीचा आधार घेते आणि फलकावर ज्यांची टोके प्रत्यक्ष जोडलेली आहेत तेवढेच घटक ‘ओके’ असे लिहून चालू करते. फलकाच्या फाइलीत मग त्या फलकाचे वेगळेपण तेवढे उरते व ती वाचताना फलकाची आखणी डोळ्यांसमोर येते.

दुसरा संकेत नावांविषयी आहे. पेराचे नाव उपकरणाचा सर्वसामान्य वर्ग दाखविणारे असावे आणि विशिष्ट नमुन्याचे नाव ‘कंपॅटिबल’मध्ये यावे. ही यादी विशिष्टाकडून सामान्याकडे जाते. फ्रीस्केलच्या आयएमएक्स६क्यू या चिपमधील संदेशद्वाराच्या यादीत प्रथम त्याच चिपचे नाव आणि नंतर जुन्या आयएमएक्स२१ चिपचे नाव येते. त्यामुळे नव्या नावाची ओळख नसलेले कर्नेलही जुन्या आज्ञावलीने ते द्वार चालवू शकते. उलट, नव्या चिपमध्ये पुढे काही दोष आढळल्यास विशिष्ट नाव आधीच नोंदविलेले असल्याने फक्त तिच्यासाठी उपाययोजना करता येते आणि लोकांच्या हातातील यंत्रांचे वर्णन बदलावे लागत नाही. आज अनावश्यक वाटणारे विशिष्ट नाव अशा प्रकारे भविष्यातील दुरुस्तीची तरतूद ठरते.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा संकेत म्हणजे वृक्षात वस्तुस्थिती लिहावी, धोरण लिहू नये. संदेशद्वाराला कोणता कालस्पंद जोडला आहे ही वस्तुस्थिती होय; ते द्वार कोणत्या आज्ञावलीने व किती स्मृती राखून वापरावे हे धोरण होय. तांब्याच्या रेषा बदलल्याशिवाय वस्तुस्थिती बदलत नाही, धोरण मात्र परिचालन प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलू शकते. परिचालन प्रणालीला सुरुवातीच्या सूचना देणे आवश्यकच असते. त्यासाठी ‘चोझन’ नावाचे एक स्वतंत्र पेर राखून ठेवलेले आहे. या संकेताला अपवादही झाले आहेत. कळफलकाच्या कळी व दर्शक दिवे यांच्या वर्णनांत लिनक्सचे नाव असलेले काही गुणधर्म रूढ झाले आणि ते आजही वापरात आहेत.

लेखनाच्या बाह्य रूपाचेही नियम हळूहळू लिखित झाले. २०२४ मधील लिनक्सच्या ६.८ या आवृत्तीत त्यांचा एक स्वतंत्र दस्तऐवज समाविष्ट झाला. पेरे पत्त्यांच्या चढत्या क्रमाने असावीत, गुणधर्मांत ‘कंपॅटिबल’ व ‘रेग’ आधी आणि ‘स्टेटस’ शेवटी यावा, षोडशमान संख्यांतील अक्षरे लहान लिपीत असावीत, असे त्यातील नियम आहेत. हे नियम केवळ नीटनेटकेपणासाठी नाहीत. ठरलेल्या क्रमामुळे एकाच उपकरणाची दोनदा झालेली नोंद चटकन ध्यानात येते आणि दोन व्यक्तींनी एकाच फाइलीत केलेले बदल परस्परांवर आदळण्याचा संभव कमी होतो.

स्थैर्याचा वाद : वृक्ष यंत्रासोबत राहणार आणि कर्नेल मागाहून बदलत जाणार, असे मानले तर जुन्या वृक्षावर नवे कर्नेल चालणे आवश्यक ठरते. म्हणजेच गुणधर्मांची नावे व अर्थ एकदा ठरल्यावर बदलता कामा नयेत. व्यवहारात मात्र आर्म फलकांच्या फाइली लिनक्सच्याच संग्रहात ठेवल्या गेल्या आणि कर्नेलबरोबर नवा वृक्षही बसविण्याची सवय पडली. त्यामुळे वर्णनपद्धती घाईने ठरवून पुढे बदलण्याचे प्रकार घडू लागले. २०१३ मध्ये या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आणि नवे गुणधर्म तपासून संमत करण्यासाठी अधिक व्यक्तींवर जबाबदारी सोपविण्यात आली. कायमच्या स्थैर्याचा आग्रह धरल्यास चिप पूर्णपणे समजण्यापूर्वीच तिचे वर्णन गोठविले जाते, असा एका पक्षाचा आक्षेप होता. स्थैर्य सोडल्यास वृक्ष हा पूर्वीच्या सी फाइलींचाच दुसरा अवतार ठरतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. हा वाद तत्त्वतः स्थैर्याच्या बाजूने मिटला. तथापि प्रत्यक्षात त्याचे पालन सर्वत्र सारखे झालेले नाही.

फलकावर मागाहून जोडावयाच्या पट्ट्यांमुळे आणखी एक प्रश्न उपस्थित झाला. बीगलबोन या फलकावर निरनिराळ्या जोडपट्ट्या बसविता येतात. प्रत्येक जोडणीसाठी संपूर्ण वृक्ष नव्याने लिहिणे अव्यवहार्य होते. पँटेलिस अँटोनिऊ यांच्या प्रयत्नांतून मूळ वृक्षावर छोटा वृक्षखंड चढविण्याची सोय तयार झाली व २०१५ मधील लिनक्सच्या ३.१९ या आवृत्तीत तिचा समावेश झाला. रास्पबेरी पायच्या जोडपट्ट्यांसाठी २०१४ मध्ये ठरविलेल्या नियमांनुसार असा वृक्षखंड पट्टीवरील छोट्या स्मृतीतच साठविता येतो. सनच्या जोडकार्डांनी पंचवीस वर्षांपूर्वी अवलंबिलेली, वस्तूचे वर्णन वस्तूजवळच ठेवण्याची पद्धती येथे नव्या रूपात पुन्हा दिसते.

पडताळणी : सुरुवातीला प्रत्येक उपकरणाच्या वर्णनाचे नियम साध्या इंग्रजी गद्यात लिहिलेले असत. फाइल त्या नियमांना धरून आहे की नाही हे माणसानेच वाचून ठरवावे लागे. संकलक केवळ व्याकरण तपासत असे. गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकले तरी तो फाइल स्वीकारीत असे आणि कर्नेल त्या गुणधर्माकडे मुकाट्याने दुर्लक्ष करीत असे. अशी चूक यंत्र बाजारात गेल्यावरच उघडकीस येण्याचा धोका होता. रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१९ च्या सुमारास हे नियम यामल या मांडणीत, संगणकाला वाचता येतील अशा आराखड्यांच्या रूपाने लिहिण्यास प्रारंभ झाला. कोणते गुणधर्म अनिवार्य आहेत, त्यांची मूल्ये किती व कोणत्या प्रकारची असावीत हे आराखड्यात सांगितलेले असते. त्यानुसार फाइलींची तपासणी आपोआप होते. जुन्या गद्य नियमांचे रूपांतर हे दीर्घकाळ चाललेले काम आहे. त्यातून अनेक जुन्या फाइलींतील चुका बाहेर आल्या आहेत. आराखड्यालाही मर्यादा आहेत. पत्ता योग्य प्रकारे लिहिला आहे की नाही हे त्याला कळते. परंतु तो त्या चिपचा खरा पत्ता आहे की नाही हे चिपची माहितीपुस्तिका व प्रत्यक्ष फलक यांवरूनच ठरवावे लागते.

प्रसार व मूल्यमापन : वर्णनपद्धतीचे मानक २०१६ पासून ‘डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशन’ या नावाने कोणत्याही एका प्रक्रियकाशी न बांधता प्रसिद्ध होऊ लागले, त्याची ०.४ ही आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. यू-बूट ही आरंभक आज्ञावली, फ्रीबीएसडी ही परिचालन प्रणाली व छोट्या नियंत्रकांसाठीची झेफर ही प्रणाली याही उपकरणवृक्ष वापरतात. रिस्क-पाच या खुल्या रचनेच्या प्रक्रियकांसाठी २०१८ मध्ये लिनक्सचा आधार उपलब्ध झाला, तेव्हा आरंभापासूनच हीच पद्धती वापरण्यात आली. अनेक वर्णन-फाइली दुहेरी परवान्याखाली प्रसिद्ध केल्या जातात, ज्यायोगे लिनक्सशिवाय इतर प्रणालींनाही त्या वापरता याव्यात. मोठ्या आर्म सेवासंगणकांत मात्र एसीपीआय प्रचलित आहे. लिनक्समध्ये त्यासाठीचा आधार २०१५ मध्ये आला. अशा यंत्रांचे खरेदीदार जुनी तयार परिचालन प्रणाली नव्या यंत्रावर बदल न करता बसवू इच्छितात आणि त्यांतील अनेक तपशील मूलभूत आज्ञावलीने झाकून ठेवणे त्यांना सोयीचे वाटते.

उपकरणवृक्षाने कर्नेलमधील गुंतागुंत नाहीशी केली असे म्हणता येत नाही; तिचा काही भाग वर्णन-फाइलींत स्थलांतरित झाला, हे खरे आहे. फाइलींची संख्या इतकी वाढली की, ३२ अंशी आर्मच्या एकाच कप्प्यात साठलेल्या फाइली २०२३ मधील ६.५ या आवृत्तीत उत्पादकांनुसार वेगळ्या करणे भाग पडले. ज्या यंत्राचे वर्णन उत्पादकाने प्रसिद्धच केले नाही किंवा ज्याच्या चालक आज्ञावल्या खुल्या नाहीत, त्याला या पद्धतीचा फारसा लाभ होत नाही. तथापि सी भाषेतील फाइलीत दडलेली माहिती केवळ एका कर्नेलला उपयोगी होती. वृक्षातील माहिती कोणालाही वाचता, तपासता व दुसऱ्या प्रणालीसाठी वापरता येते. उत्पादक कंपनी बंद झाली किंवा तिने त्या फलकातून लक्ष काढून घेतले, तरी ज्याचे वर्णन काटेकोर लिहिलेले आहे तो फलक नवे कर्नेल घेऊन पुढील अनेक वर्षे सुरक्षितपणे चालविता येतो. फलकाचे उपयुक्त आयुष्य अशा रीतीने त्याच्या धातूइतकेच त्याच्या वर्णनावरही अवलंबून असते.